रेघेशेजारचा ठिपका

अर्धा रस्ता सरला होता. जाऊबाई मध्येच थांबल्या आणि पलीकडच्या दुकानावरची पाटी त्यांनी मला वाचून दाखवली. आधी मोठी अक्षरं, मग खालची बारीक, आणि अगदी तळाशी, कोपऱ्यात पाटी रंगवणाऱ्याने स्वतःचं नाव टाकलं होतं, तेसुद्धा.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

मला तर मोठी अक्षरंच धड दिसत नव्हती. तरी मी हो म्हणून टाकलं. परीक्षा त्यांची होती, नापास मी होत होते.

निघताना मी रिक्षा करू म्हटलं होतं. त्यांनी साफ नाही सांगितलं. रिक्षात बसलं की पाट्या पळतात, वाचून होत नाहीत, हे त्यांचं कारण. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. तेव्हापासून दिसेल ते वाचायचं वेडच लागलं होतं त्यांना. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटावरचं, एकदा तर माझ्या साडीच्या आतल्या काठावर छापलेलं गिरणीचं नाव. "अगं, ही साडी धुतल्यावर आटते असं लिहिलंय की यावर," म्हणाल्या होत्या. आटून झालेली होतीच.

जावा-जावा म्हणजे उभा दावा, असं म्हणतात. आमच्यात दावा एकच, चालण्याचा. मी ताडासारखी उंच आणि त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. घरात आम्हाला शिडी आणि खुंटी म्हणतात. पण रस्त्याला लागलं की खुंटी पुढे आणि शिडी मागे धापा टाकत.

त्या दिवशी मात्र त्या जरा हळू चालत होत्या, आणि का ते मला माहीत होतं.

आम्ही निघालो होतो गावाच्या दुसऱ्या टोकाला, एक जुनं मनगटी घड्याळ बघायला. घड्याळ हवं होतं माझ्या यजमानांना. माझे सासरे चावीचं एक घड्याळ वापरायचे. साईच्या रंगाची तबकडी, काळे आकडे. विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघताना ते मनगटावरून सुटलं आणि गेलं. गडी उतरले, गळ टाकले, पण विहिरीने ते काही परत दिलं नाही. तेव्हापासून यजमान तशाच घड्याळाच्या शोधात. इतक्या वर्षांनी एका दुकानाच्या काचेत त्यांना ते दिसलं. दुकानदार म्हणाला, सगळं मूळचं आहे, कंपनीतून निघालं तसं. यजमान घरी आले ते तरंगतच.

पण जुन्या घड्याळाचं काही खरं नसतं, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. एकाचं धड, दुसऱ्याचं काळीज, तिसऱ्याचं तोंड, असं जोडून नवं जुनं घड्याळ उभं करतात आणि मूळचं म्हणून विकतात. थोरले दीर घड्याळजी होते आणि जाऊबाई त्यांच्याबरोबर याच कामात मुरलेल्या. म्हणून यजमान वहिनीकडे गेले, की तुम्ही एकदा बघून द्या. त्या म्हणाल्या, "बघते. पण भाऊजी, तुम्ही घरी बसा. तुमच्या तोंडावरच लिहिलंय, घड्याळ हवंय म्हणून. तेवढं तर मला ऑपरेशनच्या आधीही वाचता आलं असतं."

एवढंच असतं तर जाऊबाई हळू चालल्या नसत्या. घोळ टेबलाचा होता.

थोरले दीर गेल्यावर दुकान सोडावं लागलं, पण दुकानातलं टेबल त्यांनी घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी लावलं. बारीक खणांचं, कडेला पट्टी ठोकलेलं, म्हणजे स्क्रू घरंगळून खाली पडू नयेत. त्यावर त्यांचे ब्रश, भिंग, चिमटे. पुढे डोळ्यांवर पडदा यायला लागला, उजेड टोचायला लागला, तेव्हा सुनेने काळजीने खिडकीला जाड पडदा लावला. टेबल अंधारात गेलं. अंधारात एकदा त्याच्याच कोपऱ्याला ठेचकाळून जाऊबाई पडल्या. मग पुतण्याने ठरवलं की टेबल काढायचं, तिथे आईसाठी नीट पलंग टाकायचा. मुलगा वाईट नाही हो. आईला लागलं त्या रात्री तो जेवला नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की डॉक्टरांनी रोजच्या कामापुरतं दिसेल असं सांगितलंय, तबकडीवर केसाएवढ्या रेघा ओढण्यापुरतं नाही. जुनं सामान घेणारा माणूस रविवारी येणार, हेही ठरलं.

जाऊबाईंनी भांडण केलं नाही. त्या म्हणाल्या, मला हे एक घड्याळ तपासू दे. यातलं खरं-खोटं मला डोळ्यांनी कळलं तर टेबल राहील. नाही कळलं तर माझ्या हाताने खण रिकामे करून देईन. मुलगा कबूल झाला.

म्हणून त्या पाट्या वाचत चालल्या होत्या. परीक्षेला जाणारं पोर रस्त्यात पाढे म्हणतं ना, तसं.

मी देवाकडे फारसं काही मागत नाही. त्याला आपल्याआधी कळतं, मग मागून त्याला कशाला कमीपणा द्या. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात नाम घेत होते आणि प्रत्येक नामाला टेबल जोडत होते.

दुकान अरुंद होतं, खोल होतं. दोन्ही भिंतींवर घड्याळं, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. दुकानदार वयाने आमच्याएवढेच, शांत. भिंग त्यांनी कपाळावर सरकवून ठेवलं होतं. जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, तिसरा डोळा. मग मला त्यांच्याकडे बघताना हसू आवरेना. दुकानदारांनी आम्हाला स्टुलं दिली, पाणी दिलं, आणि मखमलीच्या तुकड्यावर घड्याळ ठेवलं.

जाऊबाईंनी ते उचललं आणि तबकडीकडे न बघता सरळ पालथं केलं. थोरल्या दिरांची शिकवण. ते म्हणायचे, तोंड सगळे पुसून येतात, आधी पाठ बघावी. जाऊबाईंनी घड्याळ कानाशी धरलं. चावी दिली, किती सहज फिरते ते बोटाला कळू दिलं. मग झाकण उघडायला सांगितलं. तिसऱ्या डोळ्याने उघडून दिलं. त्यांनी स्वतःचं भिंग डोळ्याला लावलं आणि झाकणाच्या आतला शिक्का, मशीनवरचा आकडा, कडांची धार असं एकेक बघत गेल्या. कडा घासून गुळगुळीत केलेल्या नव्हत्या, याचं त्यांना बरं वाटलं. मशीन याच घराची आहे, म्हणाल्या. पाहुणी नाही.

मला जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात त्या चुकल्या.

त्यांनी सेकंदकाट्यावर बोट ठेवलं. बाकी काटे काळे, हा निळा, म्हणजे हा दुसऱ्या घड्याळातला, असं त्यांनी ठासून सांगितलं. दुकानदार वाद घालत बसले नाहीत. उठले, आतून त्याच कंपनीचं, त्याच सुमाराचं दुसरं घड्याळ घेऊन आले. त्यातही सेकंदकाटा निळाच. मग तिसरं आणलं. तेही तसंच. काही काळ कंपनीच तसं करायची, ते समजावून म्हणाले.

जाऊबाईंनी तिन्ही घड्याळं शेजारी ठेवून बघितली. "बरोबर," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं." आवाज साधाच होता, पण भिंग धरलेला त्यांचा हात खाली आला. मला रविवारी दारात उभा असलेला हातगाडा दिसायला लागला.

मग तबकडी. तिच्यावर त्यांनी बराच वेळ घातला. आकडे रेखीव, जुनेपणाने रंग जरा पिवळटलेला, कुठे पोपडा नाही. "सुंदर आहे," म्हणाल्या. "कंपनीचीच असावी." दुकानदारांनी मान डोलावली. त्यांचंही तेच मत होतं, म्हणूनच त्यांनी घड्याळ मूळचं म्हणून काचेत ठेवलं होतं. म्हणजे काम झालं. मी पिशवी उचलली.

पण जाऊबाई उठल्या नाहीत. त्यांनी घड्याळ फिरवलं आणि उलटं धरलं, म्हणजे सहाचा आकडा वर आणि बाराचा खाली.

इथे एक सांगायला हवं. जाऊबाई डावखुऱ्या. थोरल्या दिरांनी त्यांना तबकडी रंगवायला शिकवलं ते शेजारी बसवून नाही, समोर बसवून. शेजारी बसलं की कोपराला कोपर लागायचं. टेबलाच्या या बाजूला ते, त्या बाजूला या, मध्ये तबकडी. ते उजव्या हाताने रेघ ओढायचे, या समोरून बघून डाव्या हाताने, आरशातल्यासारखी. त्यामुळे त्यांना तबकडी उलटीच सरळ वाटते. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती दोघं तशी समोरासमोर बसली. दुकानात दीर एकटेच दिसायचे. तबकड्या डब्यात घालून घरी यायच्या आणि रंगवून डब्यातून परत जायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, हे रात्री बसून करत असतील. पुढे पुढे सगळ्या तबकड्या या एकट्याच करायच्या. गिऱ्हाईक मात्र वाहवा करायचं ती दुकानात बसलेल्या माणसाची. दीर सांगायचे, माझ्या घरी होतं हे काम. ऐकणाऱ्याला घरी म्हणजे घरात असंच वाटायचं. घरातलं माणूस कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

तर त्या उलट्या घड्याळात बघत राहिल्या, आणि बघतच राहिल्या. मला वाटलं, दिसत नाहीये. डोळ्यांपुढे अंधार आला असणार. दुकानदारांनीही काळजीने विचारलं, वहिनी, दिवा जवळ घेऊ का?

त्यांनी मान हलवली. भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ही तबकडी कंपनीची नाही."

दुकानदारांनी भिंग कपाळावरून डोळ्यावर घेतलं, आणि विचारलं, कशावरून?

त्यांनी सांगितलं. कडेला मिनिटांची जी गोल रेघ असते, ती कंपनीत छापतात. छापलेल्या रेघेला सुरुवात नसते आणि शेवट नसतो. हाताने ओढलेल्या रेघेला सांधा असतो, बांगडीला असतो तसा. रंगवणारा तो बाराच्या खाली लपवतो, कारण बाराचा आकडा रुंद. ह्या रेघेचा सांधा बाराशी नाही. तो सहाच्या बुडाशी आहे, आणि रेघ उलट्या बाजूने येऊन मिळाली आहे.

दुकानदारांनी बघितलं. मग म्हणाले, सांधा आहे खरा. माझ्या नजरेतून सुटला. पण सहाशी सांधा कोण करेल?

"मी," जाऊबाई म्हणाल्या.

दुकानात बरीच घड्याळं टिकटिकत होती, पण माझ्या कानात एकही शिरलं नाही. दुकानदार हसले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. पण विश्वास बसला नव्हता, हेही दिसत होतं. जाऊबाई म्हणाल्या, तबकडी उतरवू, मागे खूण असेल. आता दुकानदार कचरले. तबकडी काढायची म्हणजे मशीन बाहेर घेऊन आधी काटे काढायचे, आणि एवढ्या जुन्या काट्याला जरा जास्त जोर लागला की तो गेलाच. "मी काढते," जाऊबाईंनी डावा हात पुढे केला. त्यांनी चिमटा ज्या तऱ्हेने उचलला ते बघून दुकानदारांनी आपले हात मागे घेतले आणि दिवा तेवढा पुढे सरकवला.

मी डोळे मिटून घेतले. देवाचं नावसुद्धा आठवेना. नुसतं "अरे, अरे" एवढंच मनात येत होतं, आणि तेवढं त्याला पुरलं असावं.

डोळे उघडले तेव्हा तिन्ही काटे मखमलीवर ओळीने पडले होते, अखंड. मशीनच्या कडेचे बारीक स्क्रू सैल करून त्यांनी तबकडी अलगद उचलली आणि पालथी केली. मागच्या पितळेवर सुईने ओरखडलेली एक लहान आडवी रेघ होती. तिच्या शेजारी एक ठिपका.

रेघ दिरांची. आपण रंगवलेली तबकडी पुढे कुणी कंपनीची म्हणून विकू नये, उघडणाऱ्याला खरं कळावं, म्हणून ते प्रत्येक तबकडीमागे ती ओढायचे. ठिपका जाऊबाईंचा. जी तबकडी त्यांनी रंगवली, तिच्यावर रेघेच्या टोकाशी त्या गुपचूप सुई टेकवायच्या. पण रेघ लांब, जागा कमी, त्यामुळे ठिपका कडेला चेपून बसायचा. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, दिरांची रेघ आखूड झालीय. ठिपक्याला मोकळी जागा सुटलीय. ते कधी एक शब्द बोलले नाहीत आणि यांनीही विचारलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला परतताना चालता चालता सांगितली. इतकी वर्षं एका घरात वावरलो, पण तोवर मला ठाऊक नव्हती.

दुकानदारांचं मात्र भलतंच काही झालं होतं. ते उठून उभे राहिले होते. आत गेले, एक चपटी डबी आणली, आणि तिच्यातून कागदात गुंडाळलेल्या दोन-तीन तबकड्या काढून आमच्यापुढे पालथ्या मांडल्या. रेघ आणि ठिपका. रेघ आणि ठिपका.

त्यांनी सांगितलं, या खुणेच्या तबकड्या त्यांच्या हाती अधूनमधून आल्या होत्या, आणि त्या त्यांनी विकल्या नव्हत्या. असं काम पुन्हा दिसत नाही म्हणून ठेवून दिल्या. कोण करतं याची चौकशी बाजारात पुष्कळ केली. सगळे म्हणाले, तो कारागीर गेला.

"कारागीर गेले," जाऊबाई म्हणाल्या. "ते रेघवाले. ठिपका इथे बसलाय." मग त्यांनी एक तबकडी उचलून सुलटी केली आणि बोटाने दाखवली. "ह्या तीनच्या आकड्याने मला किती छळलं होतं. तिन्हीसांजेपर्यंत पुसत होते."

यानंतर भावावरून जी घासाघीस झाली तशी मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. जाऊबाई म्हणत होत्या, तबकडी मूळची नाही, तेव्हा किंमत उतरली पाहिजे. दुकानदार म्हणत होते, तबकडी तुमच्या हातची, तेव्हा चढली पाहिजे. जाऊबाई म्हणाल्या, माझ्याच हातचं काम माझ्यापुढे महाग करता होय? ते म्हणाले, वहिनी, तुमच्या कामाला तुम्हीच नावं ठेवता, मी काय करू? शेवटी त्या म्हणाल्या, आधी ज्याला घ्यायचंय त्याला खरं सांगू दे. आणि दुकानातूनच त्यांनी माझ्या यजमानांना फोन लावला.

"भाऊजी, घड्याळ चांगलं आहे. पण तबकडी कंपनीची नाही. मी रंगवलेली आहे, मागे कधीतरी. तुम्हाला तर सगळं मूळचं हवं होतं."

पलीकडून मला एवढंच ऐकू आलं, "मग विचारता काय वहिनी? घेऊन या."

किंमत दोघांच्या मधोमध कुठेतरी थांबली. तबकडी पुन्हा बसवली तीही जाऊबाईंनीच. निघताना दुकानदारांनी विचारलं, माझ्याकडे रंग उडालेल्या तबकड्या पडून आहेत, कुणाच्या हाती द्याव्यात असं कुणी भेटलंच नाही, पाठवू का? त्या म्हणाल्या, घरी विचारून कळवते. दाराशी आल्या, थांबल्या आणि मागे वळल्या. "विचारत नाही. घरी सांगते. पाठवा तुम्ही." तिसऱ्या डोळ्याने हात जोडले. त्यांनी एवढ्या मनापासून जोडले, की मीही बावळटासारखे जोडले.

येताना खुंटी पुन्हा पुढे आणि शिडी मागे. एकही पाटी वाचली नाही त्यांनी.

घरी पुतण्या वाटच बघत होता. जाऊबाईंनी आधी आपली चूक सांगितली, निळ्या काट्याची, आणि मग बाकीचं. त्याने घड्याळ हातात घेतलं, उलटं करून सहाशी सांधा शोधायचा प्रयत्न केला. भिंग लावूनही त्याला दिसेना. "कुठे आहे, आई?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि ती पुन्हा पुन्हा दाखवत होती. मग त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं, सामानवाल्याला फोन केला आणि रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर आईकडे न बघता म्हणाला, त्या कोपऱ्याला काहीतरी मऊ ठोकून देतो, म्हणजे लागणार नाही. सुनेने फडकं आणून टेबलावरची धूळ पुसली. माझ्या मनात तेवढ्यात देवाचे आभार मानून झाले. शब्द काही सुचले नाहीत, नुसतंच बरं वाटलं.

जाऊबाई टेबलाशी बसल्या. ब्रश काढले, एकेकाचं टोक ओठाला लावून बघितलं, दोन बाजूला टाकले. मग मान वर करून समोर बघितलं आणि कपाळाला आठी घातली. खोली अंधारलेलीच होती.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "माझा हात पोचत नाही. तो खिडकीचा पडदा तेवढा काढ."